दिल्या घरचं नागरिकत्व

जानेवारी १९१३ मध्ये एथेल मॅकेन्झी सॅन फ्रान्सिस्कोत मतदारयादीत नाव नोंदवायला गेल्या. जन्म कॅलिफोर्नियातला, संसारही तिथलाच. त्या राज्यातल्या स्त्रियांना १९११ मध्ये मताचा हक्क मिळाला होता आणि त्यासाठी झटणाऱ्यांत त्या स्वतः होत्या. तरी अर्ज नामंजूर झाला. १९०९ मध्ये त्यांनी गॉर्डन मॅकेन्झी या गायकाशी लग्न केलं होतं आणि तो ब्रिटिश प्रजाजन होता. परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री नवऱ्याच्या देशाची ठरते, असं १९०७ चा कायदा सांगत होता. आपल्याच गावात, आपल्याच घरात राहून एथेलबाई परक्या झाल्या होत्या.

त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. डिसेंबर १९१५ मध्ये निकाल विरुद्ध लागला. पती-पत्नी एकच, हे जुनं तत्त्व आहे, असं न्यायालयानं म्हटलं; शिवाय लग्न त्यांनी स्वखुशीनं केलं होतं आणि त्याचा परिणाम कायद्यात आधीच लिहिलेला होता. म्हणजे लग्न करणं हीच नागरिकत्वावर पाणी सोडल्याची सही मानली गेली.

मुलगी दिल्या घरची, ही समजूत आपल्याकडं मांडवात ऐकू येते. युरोप-अमेरिकेनं एकोणिसाव्या शतकात ती थेट नागरिकत्वाच्या कायद्यात बसवली आणि वसाहतींच्या वाटेनं जगभर पोचवली. मुळात ही रीत न्यायालयानं भासवली तितकी पुरातन नव्हतीच. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात लग्नानं प्रजाजनत्व बदलत नसे. फ्रेंच माणसाची बायको झालेली इंग्रज स्त्री मरेपर्यंत इंग्लंडच्या राजाची प्रजाच राही. चक्र फिरलं ते नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी संहितेपासून. परकी स्त्री फ्रेंच माणसाशी लग्न करताच फ्रेंच होईल आणि फ्रेंच स्त्री परक्याशी लग्न करताच परकी होईल, असं त्या संहितेनं ठरवलं. बायकोनं नवऱ्याची आज्ञा पाळावी, हे कलमही त्याच संहितेतलं. इंग्लंडनं अर्धं पाऊल १८४४ मध्ये टाकलं आणि उरलेलं १८७० मध्ये. त्या १८७० च्या कायद्यात कायदेशीर असमर्थतेची एक व्याख्या आहे. अज्ञान मूल, वेडा, मतिमंद आणि विवाहित स्त्री, अशी चौघांची ती यादी. अमेरिकन न्यायाधीश ज्याला जुनं तत्त्व म्हणत होते, ते नागरिकत्वाला पुरतं लावण्याची इंग्लंडमधली रीत तेव्हा पन्नास वर्षांचीही नव्हती.

समर्थनाला शब्द मोठा गोड होता, कुटुंबाची एकता. एका घरात दोन निष्ठा नकोत, युद्ध पेटलं तर नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला नको, असं सांगितलं जाई. मग १९१४ मध्ये युद्ध खरोखरच पेटलं. जन्मानं इंग्रज, पण जर्मन माणसाशी लग्न केलेल्या स्त्रियांना पोलिसांत शत्रुदेशीय म्हणून नोंद करावी लागली. नोंदलेल्या पत्त्यापासून पाच मैलांपलीकडे जायचं तर परवाना लागे. त्यांचे भाऊ ब्रिटिश सैन्यात लढत असले तरी त्यानं काही फरक पडत नव्हता. उलट इंग्रजाशी लग्न केलेली जर्मन स्त्री मात्र कायद्यानं ब्रिटिश. एकतेच्या नावाखाली चाललेला हा हिशेब पहिल्यापासून एकतर्फीच होता. बायकोमुळं कुठल्या पुरुषाचं नागरिकत्व बदलल्याचं या कायद्यांत सापडत नाही.

अमेरिकेनं १९२२ मध्ये कायदा सुधारला, पण त्यात एक खोच ठेवली. नवरा अमेरिकन नागरिक होण्यास पात्र असेल तरच बायकोचं नागरिकत्व टिकणार होतं आणि आशियाई माणसं पात्र नव्हती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांनाही अपात्र ठरवलं. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी यांना या दोन्हींचा एकत्र फटका बसला. त्यांचं नागरिकत्व गेलं, ते फक्त नवरा भारतीय म्हणून. वंशाचा आणि लिंगाचा भेद एकाच कलमात बसवलेला असा दाखला विरळाच. आशियाई नवऱ्यांबद्दलची ही अट १९३१ मध्ये निघाली.

एका देशानं कायदा बदलला आणि शेजाऱ्यानं नाही बदलला, तर भलतंच होई. १९२२ नंतर अमेरिकन माणसाशी लग्न करणारी इंग्रज स्त्री ब्रिटिश कायद्यानं परकी व्हायची, पण अमेरिका आता लग्नाबरोबर नागरिकत्व देत नव्हती. हिच्या हातात कुठलाच देश उरत नसे. पासपोर्ट नाही, मत नाही, अडचणीत दाद मागायला वकिलात नाही. हा पेच एकट्या देशाच्या कायद्यानं सुटणारा नव्हता, म्हणून स्त्रियांच्या संघटनांनी मोर्चा आंतरराष्ट्रीय कायद्याकडे वळवला. पुढं स्त्रियांच्या हक्कांचे जे जागतिक करार झाले, त्यांच्या इतिहासात मताधिकाराचं नाव नेहमी पुढं असतं. पण देशादेशांनी मिळून सोडवल्याशिवाय गत्यंतर नाही असा प्रश्न होता तो हाच, आणि त्या करारांचं श्रेय त्याला क्वचितच मिळतं.

मार्च १९३० मध्ये राष्ट्रसंघाची परिषद हेगला भरली. आंतरराष्ट्रीय कायदा कलमांत बांधायचा होता आणि नागरिकत्व हा त्यातला एक विषय होता. स्कॉटलंडच्या क्रिस्टल मॅकमिलन आणि अमेरिकेच्या डॉरिस स्टीव्हन्स तिथं पोचल्या. मॅकमिलन यांनी १९०८ मध्येच पदवीधर स्त्रियांच्या मतासाठी ब्रिटनच्या लॉर्डांच्या सभागृहात स्वतः उभं राहून बाजू मांडली होती. देशोदेशीच्या संघटनांनी निदर्शनं केली, प्रतिनिधींच्या गाठी घेतल्या. हाती आलं ते फार थोडं. नवऱ्याच्या देशाचं नागरिकत्व मिळणार नसेल, तर बायकोचं मूळचं जाऊ नये, एवढंच परिषदेनं कबूल केलं. बायकोनं नवऱ्यामागून जावं हे तत्त्व जागच्या जागी राहिलं. वाटेत ती निराधार होऊ नये, इतकीच काळजी घेतली गेली.

स्त्रियांनी तो करार नाकारला आणि राष्ट्रसंघाचा पाठलाग सोडला नाही. १९३१ मध्ये आठ आंतरराष्ट्रीय संघटनांची एक सल्लागार समिती नेमणं राष्ट्रसंघाला भाग पडलं. त्या आठांत अखिल आशियाई महिला परिषदही होती, जिचं अधिवेशन त्याच वर्षी जानेवारीत लाहोरला भरलं होतं. जिनिव्हाच्या टेबलावर आशियातल्या स्त्रियांना आपल्या नावानं जागा मिळाली ती इथं. पहिलं खरं यश मात्र अटलांटिकच्या पलीकडे आलं. डिसेंबर १९३३ मध्ये मॉन्टेव्हिडिओत अमेरिका खंडातल्या देशांनी करार केला आणि नागरिकत्वाच्या बाबतीत कायद्यात किंवा व्यवहारात स्त्री-पुरुष भेद करणार नाही, असं लिहून दिलं. डॉरिस स्टीव्हन्स यांच्या आंतर-अमेरिकी महिला आयोगानं त्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर काम संयुक्त राष्ट्रसंघाकडे आलं. महिलांच्या स्थितीविषयीच्या आयोगाची पहिली बैठक फेब्रुवारी १९४७ मध्ये झाली. सदस्य पंधरा आणि पंधराही स्त्रिया. भारताच्या बेगम शरीफा हमीद अली त्यांत होत्या. पुढच्याच वर्षी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू नये म्हणून ‘सर्व माणसं’ असा शब्द घालायला हंसा मेहता यांनी लावला. कायद्याच्या भाषेचा अर्थ उद्या कोण कसा लावील, हे मुंबईच्या सार्वजनिक जीवनात वावरलेल्या या बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्याच जाहीरनाम्याच्या पंधराव्या कलमानं प्रत्येकाला नागरिकत्वाचा हक्क दिला. १९५७ मध्ये विवाहित स्त्रीच्या नागरिकत्वाचा स्वतंत्र करार झाला. लग्न, घटस्फोट किंवा नवऱ्यानं बदललेला देश, यांपैकी कशानंही बायकोचं नागरिकत्व आपोआप जाणार नाही, असं त्यात ठरलं. एथेल मॅकेन्झींचा प्रश्न कागदावर सुटायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

पण १९५७ च्या करारात मुलांचा उल्लेखही नव्हता. स्त्री स्वतः नागरिक राहिली तरी नागरिकत्व पुढं द्यायचा अधिकार अनेक देशांत बापाचाच राहिला. डिसेंबर १९७९ मध्ये स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव दूर करण्याचा करार, म्हणजे सीडॉ, मंजूर झाला तेव्हा त्याच्या नवव्या कलमात दुसरा परिच्छेद घालण्यात आला. मुलांच्या नागरिकत्वाच्या बाबतीत आईचा हक्क बापाइतकाच. अनेक देशांनी सही केली ती नेमका हा परिच्छेद वगळून. बायकोला स्वतंत्र मानायला जी सरकारं अखेर तयार झाली, त्यांना वंश आईच्या नावानं चालणं अजून पटत नव्हतं.

बोत्स्वानाच्या युनिटी डाऊ यांचा खटला इथं मुद्दाम सांगायला हवा. त्या मोचुडी गावच्या, पेशानं वकील. १९८४ मध्ये त्यांनी एका अमेरिकन माणसाशी लग्न केलं. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्यानं देशी स्त्री आणि परदेशी पुरुष यांची लग्नातून झालेली मुलं परकी ठरली. डाऊ यांना लग्नाआधी झालेली एक मुलगी होती, ती नागरिक. नंतरची दोन मुलं त्याच देशात, त्याच आईबापांच्या पोटी जन्मली आणि ती परकी. बापाच्या निवासपरवान्यावर नाव असेल तोवरच त्यांना आईच्या देशात राहता येणार होतं. परवाना संपला की मुलांचं राहणंही संपलं.

सरकारी वकिलांचा युक्तिवाद दुहेरी होता. आमचा समाज पितृवंशी आहे, हा एक. आणि राज्यघटनेतल्या भेदभावाच्या व्याख्येत ‘लिंग’ हा शब्द जाणूनबुजून गाळला आहे, हा दुसरा. १९९२ मध्ये अपील न्यायालयानं दोन्ही फेटाळले; निकाल तीन विरुद्ध दोन, म्हणजे एका मतानं. बोत्स्वाना तोवर सीडॉत सामीलही झाला नव्हता. तरी न्यायमूर्तींनी आफ्रिकी मानवी हक्क सनद आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा १९६७ चा स्त्रीविषयक जाहीरनामा समोर ठेवून घटनेचा अर्थ लावला. जगाशी केलेली बांधिलकी मोडणारा अर्थ घटनाकारांच्या माथी मारता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९९५ मध्ये कायदा बदलला. युनिटी डाऊ १९९८ मध्ये त्या देशाच्या उच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. आंतरराष्ट्रीय करारांना दात नसतात, असं सहज म्हटलं जातं. ते निम्मंच खरं आहे. मोचुडीच्या वकिलीणबाईंच्या हातात तेच करार चांगले धारदार ठरले.

भारतातही हीच तऱ्हा होती, हे आपल्याकडं फारसं कुणाच्या लक्षात नसतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशानं भारतीय नागरिकत्व मिळे ते केवळ बापाकडून. लंडनच्या इस्पितळात बाळंत झालेली पुण्याची स्त्री भारतीय पासपोर्ट बाळगून असली आणि नवरा इंग्रज असला, तर तिचं मूल भारतीय नव्हतं. तिचाच भाऊ इंग्रज मुलीशी लग्न करून तिथं राहिला, तर त्याचं मूल भारतीय. १९९२ च्या दुरुस्तीनं आईलाही हा अधिकार दिला. पुढच्या वर्षी भारतानं सीडॉवर शिक्कामोर्तब केलं. दुरुस्ती १० डिसेंबर १९९२ पासून लागू झाली आणि मागं गेली नाही. त्या तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत परदेशात जन्मलेल्यांसाठी कायद्यात अजून बापच मोजला जातो.

जगातल्या सुमारे दोन डझन देशांत आईला आजही बापाइतका हक्क नाही. लेबनॉन त्यांतला एक. तिथला नागरिकत्वाचा कायदा जानेवारी १९२५ चा, फ्रेंच अंमलाखाली निघालेला एक हुकूम आहे आणि त्याच्या पाठीशी नेपोलियनच्या संहितेची परंपरा आहे. लेबनीज बापाचं मूल ते लेबनीज, असं तो सांगतो. १९९७ मध्ये लेबनॉन सीडॉत आला, तोही नवव्या कलमाचा दुसरा परिच्छेद बाजूला ठेवून. २००९ मध्ये एक लेबनीज विधवा न्यायालयात गेली. नवरा इजिप्तचा होता, तो वारला होता, मुलं लेबनॉनमध्येच वाढत होती. कायद्यात एक विचित्र तरतूद आहे. मूळची परदेशी, पण लेबनीज झालेली स्त्री विधवा झाल्यावर आपल्या अज्ञान मुलांना नागरिकत्व देऊ शकते. परकीला जे मिळतं ते याच मातीत जन्मलेल्या स्त्रीला का नाही, असं विचारून न्यायाधीश जॉन काझी यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. सरकारनं अपील केलं आणि २०१० मध्ये तो निकाल रद्द झाला. १९२५ चा हुकूम अजून लागू आहे आणि परदेशी नवऱ्यापासून झालेल्या मुलांना आपल्या आईच्या देशात राहायला परवाना काढावा लागतो.