अर्जाच्या पाठीवरचे उत्तर

‘याचिका’ हा शब्द कानी पडला की आज आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय उभे राहते. परंतु नागरिकाला आपले गाऱ्हाणे थेट संसदेपुढेही मांडता येते. लोकसभेत आणि राज्यसभेत त्यासाठी याचिका समित्या आहेत, आणि महाराष्ट्र विधानमंडळाने तर अशा समितीला ‘विनंती अर्ज समिती’ असे साधे, घरगुती नाव दिले आहे. या व्यवस्थेचे मूळ ब्रिटिश पार्लमेंटच्या इतिहासात सापडते. त्या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. अर्ज करण्याचा हक्क वेगळा आणि अर्जाला उत्तर मिळण्याचा हक्क वेगळा. पहिला निर्वेधपणे पदरात पडायला इंग्लंडच्या प्रजेला सुमारे चार शतके लागली. दुसऱ्यासाठी आणखी तीन शतके वाट पाहावी लागली.

तेराव्या शतकाच्या अखेरीस, पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात, पार्लमेंट भरले की प्रजेचे अर्ज स्वीकारण्यासाठी कारकून आणि त्यांची छाननी करण्यासाठी परीक्षक नेमले जात. कुणाची जमीन बळकावलेली असे, कुणाचे येणे बुडालेले असे, कुणाला राजाच्या अधिकाऱ्याने नाडलेले असे. चर्मपत्राच्या एका बाजूला गाऱ्हाणे लिहिलेले असे आणि त्यावरचा निर्णय बहुधा त्याच पत्राच्या पाठीवर उतरवला जाई. व्यवस्था प्राथमिक होती, पण तिच्यात एक मोठे शहाणपण होते: प्रश्न आणि उत्तर एकाच कागदावर राहत. पुढे कॉमन्सचे प्रतिनिधी सर्वांच्या वतीने सामाईक अर्ज करू लागले आणि त्यांवरून राजा कायदे करू लागला. मात्र मागितले एक आणि कायद्यात उतरले भलतेच, असेही घडू लागले. म्हणून १४१४ साली कॉमन्सने पाचव्या हेन्रीकडे तक्रार केली, आणि त्यांच्या मागणीच्या आशयाला बाध येईल असा कायदा केला जाणार नाही, असे आश्वासन मिळवले. पुढे कायद्याचा मसुदाच तयार करून मांडण्याची पद्धत रूढ झाली. आजचे विधेयक हे अशा रीतीने जुन्या अर्जाचेच अपत्य आहे.

सत्ताधाऱ्यांना अर्जाचे भय वाटे, हेही खरे. यादवी युद्धाच्या काळात लोकांचे जमावच्या जमाव अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारी येत. म्हणून १६६१ साली कायदा झाला: दंडाधिकाऱ्यांची किंवा तत्सम मान्यवरांची संमती नसेल, तर राज्यव्यवस्थेत बदल मागणाऱ्या अर्जावर वीसपेक्षा अधिक सह्या गोळा करायच्या नाहीत आणि तो सादर करायला दहापेक्षा अधिक माणसांनी जायचे नाही. १६८८ साली दुसऱ्या जेम्सने धार्मिक सवलतींचा जाहीरनामा चर्चमधून वाचून दाखवण्याचा हुकूम काढला. त्याला नम्र विनंती अर्जाने हरकत घेणाऱ्या सात अँग्लिकन बिशपांना राजाने टॉवरमध्ये कैद केले. राजा कॅथलिक होता आणि त्या जाहीरनाम्याचा लाभ कॅथलिकांनाही होणार होता. तरीही आपल्याला मान्य करावे लागते की, अर्ज केला म्हणून कैदेत टाकणे हा अन्यायच होता. ज्युरीने बिशपांना निर्दोष ठरवले. पुढच्याच वर्षी, १६८९ साली, हक्कांच्या सनदेने राजाकडे अर्ज करणे हा प्रजेचा हक्क असल्याचे जाहीर केले आणि त्याबद्दल होणारी अटक बेकायदा ठरवली.

हक्क मिळाला, पण त्याचा उपयोग नेहमी न्यायासाठीच होईल, याची शाश्वती नव्हती. याचा दारुण अनुभव इंग्लंडमधील कॅथलिकांनी घेतला. १७७८ साली त्यांच्यावरील काही निर्बंध सैल करणारा कायदा झाला. तो रद्द व्हावा म्हणून लॉर्ड जॉर्ज गॉर्डन याने २ जून १७८० रोजी हजारो सह्यांचा अर्ज पार्लमेंटवर नेला. सोबत प्रचंड जमाव होता. त्यानंतर काही दिवस लंडन जळत होते. कॅथलिकांची प्रार्थनामंदिरे आणि घरे उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे प्राणास मुकली. १८०५ साली आयर्लंडच्या कॅथलिकांनी आपल्या हक्कांसाठी अर्ज केला, तो दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने फेटाळला. अखेर १८२९ साली कॅथलिक मुक्तीचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या विरोधात आलेले अर्ज बाजूच्या अर्जांपेक्षा कितीतरी अधिक होते. सह्या केवळ मोजल्या असत्या, तर तो कायदा झालाच नसता. अर्ज मोजायचा नसतो, तोलायचा असतो, हा धडा आपल्या धर्मबंधूंच्या इतिहासातच लिहिलेला आहे.

याउलट, संख्येतही नैतिक बळ असू शकते, हे गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीने दाखवून दिले. १७९२ साली त्या व्यापाराविरुद्ध ५१९ अर्ज कॉमन्सपुढे आले. व्यापारावर बंदी यायला १८०७ साल उजाडले. परंतु सामान्य कारागिराच्या सहीलाही वजन असते, हे लोकांना उमगले. अर्जांचा ओघ वाढतच गेला. १८४३ या एका वर्षात सुमारे ३४ हजार अर्ज कॉमन्समध्ये सादर झाले.

या पुरापुढे सभागृहाने काय केले? १८३३ साली अर्जांचे वर्गीकरण करून अहवाल देणारी समिती नेमली. ही सुधारणा होती. परंतु त्याच सुमारास अर्जांवरील चर्चेला मर्यादा पडू लागल्या आणि १८४२ पर्यंत अशी चर्चा जवळजवळ बंदच झाली. इतर कामाला वेळ उरत नाही, हे कारण खोटे नव्हते. पण परिणाम असा झाला की, अर्ज नोंदला जाई, छापला जाई, आणि तिथेच त्याचा प्रवास संपे. अध्यक्षांच्या आसनामागे अर्जांसाठी एक पिशवी टांगलेली असते. त्या पिशवीत पडणे म्हणजे विस्मृतीत पडणे, अशी स्थिती आली.

चार्टिस्ट चळवळीच्या वाट्याला हेच आले. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार, गुप्त मतदान, सभासदांना वेतन अशा तिच्या सहा मागण्या होत्या. १८३९ साली सुमारे १२ लाख ८० हजार सह्यांचा अर्ज आला. त्याचा विचार करण्यास सभागृहाने २३५ विरुद्ध ४६ मतांनी नकार दिला. १८४२ साली ३३ लाखांहून अधिक सह्या आल्या. तो अर्ज एवढा अवाढव्य होता की, सभागृहाच्या दारातून आत जाईना. त्याचे तुकडे करून तो आत न्यावा लागला. अर्जदारांचे म्हणणे सभागृहापुढे ऐकून घ्यावे, एवढीच तेव्हा मागणी होती. तीही २८७ विरुद्ध ४९ मतांनी नाकारली गेली. १८४८ साली नेत्यांनी ५७ लाख सह्यांचा दावा केला. कारकुनांना मोजणीत वीस लाखांनाही थोड्या कमीच भरल्या, आणि त्यांत खुद्द व्हिक्टोरिया राणीचेही नाव निघाले! सर्वत्र हशा पिकला. या हशात लाखो खऱ्या माणसांच्या खऱ्या सह्याही वाहून गेल्या. सहा मागण्यांपैकी पाच पुढे यथाकाल कायद्यात आल्या. ज्यांनी सह्या केल्या होत्या, त्यांतले बहुतेक जण तोवर मातीआड झाले होते.

याच पार्लमेंटकडे मुंबईनेही अर्ज केला होता. जगन्नाथ शंकरशेट आदी मंडळींनी १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन केली आणि कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण जवळ आले असता राज्यकारभारात येथील लोकांना वाटा मागणारा अर्ज लंडनला धाडला. १८५३ च्या सनदी कायद्याने कायदेमंडळ निर्माण झाले. पण त्यात एकही हिंदी सभासद नव्हता. तरीही तो अर्ज वाया गेला, असे म्हणवत नाही. आपले गाऱ्हाणे मुद्देसूद लिहावे, एकत्र येऊन सही करावी, ही सार्वजनिक शिस्त त्यातूनच आपल्याकडे रुजली.

विसाव्या शतकात कॉमन्समधील अर्जांचा ओघ आटला, आणि १९७४ साली ती जुनी समितीही बंद झाली. नवा विचार आला तो स्कॉटलंडहून. १९९९ साली एडिंबरो येथे भरलेल्या नव्या स्कॉटिश पार्लमेंटने प्रारंभापासूनच अर्जांसाठी समिती ठेवली आणि एका माणसाच्या सहीचा अर्जही ग्राह्य मानला. समिती अर्जदाराला बोलावते, मंत्र्यांना विचारते, तज्ज्ञांचे मत घेते. २०१४ साली शस्त्रक्रियेत बसवलेल्या कृत्रिम जाळीमुळे असह्य वेदना भोगणाऱ्या स्त्रियांनी या समितीपुढे अर्ज केला. डॉक्टरांनी ज्यांचे म्हणणे फारसे मनावर घेतले नव्हते, त्या स्त्रियांना तिथे बोलता आले. २०१८ साली तशा शस्त्रक्रिया थांबवण्यात आल्या आणि २०२२ साली, जाळी काढून घेण्यासाठी ज्यांनी पदरचे पैसे खर्चले होते, त्यांना ते परत देणारा कायदा झाला. लाखो सह्यांनी जे चार्टिस्टांना मिळाले नाही, ते मोजक्या स्त्रियांना मिळाले. कारण त्यांचे म्हणणे ऐकणारा कान तिथे होता.

लंडनलाही जाग आली. २०१५ साली कॉमन्सने अकरा सभासदांची अर्ज समिती नेमली. संगणकावरून केलेल्या अर्जाला १० हजार सह्या मिळाल्या की सरकारने लेखी उत्तर द्यायचे, आणि एक लाख सह्या झाल्या की समितीने चर्चेचा विचार करायचा, असा दंडक घातला गेला. युरोपीय संघातून बाहेर पडू नये, म्हणून २०१९ साली झालेल्या अर्जावर ६० लाखांहून अधिक सह्या झाल्या. सरकारने मागणी मानली नाही. पण उत्तर दिले, चर्चा झाली, आणि दोन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या. नकारसुद्धा कारणांसह मिळाला, तर अर्जदाराचा मान राहतो.

आपल्या लोकसभेच्या याचिका समितीची परंपरा १९२४ सालच्या मध्यवर्ती विधानसभेपर्यंत मागे जाते. समितीत पंधरा सभासद असतात आणि मंत्र्याला तिच्यावर नेमता येत नाही. ही तरतूद दूरदर्शीपणाची आहे. कारण ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्यानेच ते तपासणे बरे नव्हे. साचा चांगला आहे. त्याला जोड हवी ती तीन गोष्टींची: अर्ज पोचल्याची तत्काळ पोच, उत्तरासाठी ठरलेली मुदत, आणि होकार असो वा नकार, त्यामागची कारणे सर्वांना वाचता येतील अशी जाहीर नोंद. पाणीपुरवठा, बससेवा, किनाऱ्याची धूप, जमिनीचे आरक्षण अशा प्रश्नांवर गावोगावी सह्या गोळा होतात, मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात. निवेदन स्वीकारतानाचे छायाचित्र छापून येते. उत्तर मात्र क्वचितच छापून येते.

सातशे वर्षांपूर्वी एका कारकुनाने चर्मपत्र उलटून त्याच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या. संसदेच्या कारभारात त्यानंतर कितीतरी सुधारणा झाल्या. परंतु सही करणाऱ्या सामान्य माणसाला आजही हवे असते ते तेवढेच: कुणीतरी आपला कागद वाचावा, उलटावा, आणि त्याच्या पाठीवर उत्तर लिहावे.