पाणलोटाचा पैसा : वाटा कोणाचा, अट कोणाची?

डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस उतरत उतरत ज्या ओढ्याला येऊन मिळतो, त्या साऱ्या भूभागास त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. ही व्याख्या शालेय पुस्तकांतूनही आढळते. मात्र जमिनीच्या मालकीविषयी ती काहीच सांगत नाही. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील गावांत माथा पुष्कळदा वन विभागाचा असतो. त्याखालचा उतार गायरान किंवा पडीक, मधले मुरमाड रान अल्पभूधारकांचे, तर तळाची काळी जमीन आणि विहिरी त्यातल्या त्यात सधन शेतकऱ्यांच्या. काम माथ्यापासून सुरू करावे लागते आणि पाणी पायथ्याला लागते. चराई माथ्यावरची बंद होते, तिचा फटका मेंढपाळाला आणि भूमिहीनाला बसतो. पाणलोट विकासासाठी निधी उभारताना सरकार, बँक, स्वयंसेवी संस्था आणि गाव यांना एकत्र का आणावे लागते, याचे उत्तर या विषम वाटणीत आहे.

राज्याला या कामाची ओळख नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर नालाबंडिंगची व बांधबंदिस्तीची कामे झाली. १९८३ मध्ये शासनाने सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम आणला. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत आणि पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी यांनी लोकसहभागाचे निराळे मार्ग दाखवले. तरीही एखाद्या कर्तबगार व्यक्तीच्या गावाबाहेर हे काम न्यायचे, तर लागणारा पैसा कोणत्या रचनेतून यावा, हा प्रश्न उरलाच होता.

इंडो-जर्मन कार्यक्रमाची बांधणी

या प्रश्नाला सर्वांत व्यवस्थित उत्तर दिले ते इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात अनेक दशके काम केलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या कल्पनेतून १९८९ मध्ये त्याची आखणी सुरू झाली आणि १९९२ पासून तो प्रत्यक्षात आला. जर्मन सरकारचा पैसा दोन वाटांनी येत असे. प्रत्यक्ष कामांचा निधी ‘केएफडब्ल्यू’ या जर्मन विकास बँकेकडून ‘नाबार्ड’मार्फत, तर गावाच्या प्रशिक्षणाचा निधी ‘जीटीझेड’ या तांत्रिक सहकार्य संस्थेकडून. प्रशिक्षणाची बाजू सांभाळण्यासाठी १९९३ मध्ये ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था स्थापन झाली.

दोन वाटा ठेवण्यामागे विचार होता. गावाला थेट मोठी रक्कम मिळत नसे. आधी लहानशा क्षेत्रावर, साधारण वर्ष-दीड वर्ष, गावाने आपली तयारी सिद्ध करायची. प्रत्येक कुटुंबाने आरंभी श्रमदान करायचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरवायची आणि ग्रामसभेनेच पाणलोट समिती निवडायची. हा टप्पा पार पडल्यावरच नाबार्डकडून पूर्ण प्रकल्प मंजूर होई. पैसा समिती आणि सहयोगी संस्था यांच्या संयुक्त खात्यात जमा होई, म्हणजे एकट्या सहीने तो उचलता येत नसे. अकुशल मजुरीच्या किमान १६ टक्के वाटा गावाने श्रमदानातून द्यायचा होता. भूमिहीन आणि एकट्या स्त्रीवर चालणारी कुटुंबे यांना त्यातून सूट होती. शिवाय प्रकल्प संपल्यावर बंधाऱ्यांच्या डागडुजीसाठी देखभाल निधी आधीच उभारण्याची अट होती.

आराखडाही गटवार होत असे. शेतकरी आणि त्याची पत्नी यांना सोबत घेऊन प्रत्येक गटात शिवारफेरी व्हायची आणि कुठे सलग समतल चर, कुठे बांध, कुठे झाडे हे जागेवरच ठरायचे. कार्यालयात बसून नकाशावर रेघा ओढण्यापेक्षा हे संथ काम होते. पण आपल्या बांधावर काय होणार हे ज्याला आधी ठाऊक असते, तो पुढे तो बांध फोडत नाही, हे कृषी खात्यातले कोणीही सांगेल.

दरेवाडीचा दाखला

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत १९९६ ते २००१ या काळात हे काम झाले. उन्हाळ्यात टँकरवर जगणारे हे गाव. वर्षातून जेमतेम तीन-चार महिने शेतीवर काम मिळे, एरवी स्थलांतर. प्रकल्पानंतर शेतीतला रोजगार नऊ-दहा महिन्यांवर गेला, अशी नोंद जागतिक संसाधन संस्थेच्या २००५ च्या अहवालात आहे. त्याच अभ्यासात दुसरी बाजूही दिसते. माथ्यावरच्या चराईबंदीला मेंढपाळ कुटुंबांचा विरोध होता, कारण त्यांची मेंढरे जाणार कोठे? शेवटी सारे रान एकाच वेळी बंद न करता ते टप्प्याटप्प्याने बंद करण्यावर तोडगा निघाला. ताळेबंदात ‘लोकवाटा’ या रकान्यात श्रमदान येते. विकाव्या लागलेल्या मेंढ्या त्या रकान्यात कधीच येत नाहीत. भागीदारीचा करार करताना ज्याचे नुकसान आधी होणार आहे त्याचे नाव कागदावर आले पाहिजे, असे या लेखकाचे मत आहे.

या अनुभवाच्या आधारे केंद्रीय अर्थसंकल्पातील घोषणेनंतर १९९९-२००० मध्ये नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी स्थापन झाला. त्यात केंद्राचे १०० कोटी आणि नाबार्डचे १०० कोटी रुपये होते. जर्मन साह्यावर उभी राहिलेली पद्धत देशी पैशावर इतर राज्यांत नेण्याचा हा मार्ग होता.

उद्योगांचा पैसा आणि त्याचे घड्याळ

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे भाग पडले. नैसर्गिक साधनसंपत्तीचे संवर्धन परिशिष्ट सातमध्ये असल्याने पाणलोटाला नवा स्रोत मिळाला. पण या पैशाचे घड्याळ वेगळे असते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ‘चालू प्रकल्प’ सुरू झाल्याचे वर्ष वगळून तीन वर्षांत संपवावा लागतो. गावाची तयारी, माथ्यापासूनची कामे आणि दोन-तीन पावसाळ्यांची पाहणी यांना तेवढा अवधी पुरतोच असे नाही. दुसरे म्हणजे कंपनीच्या आसपासच्या परिसराला कायदाच प्राधान्य देतो. त्यामुळे कारखान्याजवळच्या तालुक्याला चार देणगीदार आणि दूरच्या तालुक्याला एकही नाही, असे होऊ शकते.

हा पैसा सरकारी निधीला जोडून वापरला तर तो अधिक उपयोगी ठरतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत (२०१७) हीच विभागणी होती : यंत्रे संस्थांची किंवा कंपन्यांची, इंधनाचा खर्च शासनाचा आणि गाळ शेतात वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेची यंत्रे आणि शासनाचे डिझेल असेच एकत्र आले. हिशेब सोपा असल्याने वाद कमी होतात. मात्र यंत्राला नाला खोल करणे सोपे जाते, माथ्यावरची चर खणणे नाही. त्यामुळे अशा भागीदारीत काम तळाकडे झुकते.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९ हजार ६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. भूजलपातळी वाढवण्यात आणि गावे जलपरिपूर्ण करण्यात त्याचा परिणाम मर्यादित राहिला, असे महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात म्हटले आहे. झालेल्या कामांच्या देखभालीसाठी पुरेशी तरतूद नसल्याचाही आक्षेप त्यात होता.

निधीच्या शोधात असलेल्या गावाला म्हणूनच कागदांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी चराईबंदीचा ग्रामसभा ठराव आणि वन विभागाची लेखी संमती, मग गटवार आराखडा, त्यानंतर देखभाल निधीचे स्वतंत्र खाते. देणगीदाराला पत्र त्यापुढे. हिवरे बाजारने सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचा नियम केला आणि पाऊस मोजून दरवर्षी पिकांचा हिशेब मांडला. अडवलेले पाणी शेजारच्या गटात नवी कूपनलिका घेऊन उपसता येणार असेल, तर तो निर्णयही करार होण्यापूर्वी ग्रामसभेतच व्हावा लागतो. कोणताही देणगीदार तो गावाच्या वतीने घेऊ शकत नाही.