जुगारातील जीत आणि तिची नोंद



देगलूर तालुक्यातील होट्टलची देवालये आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असतील. ती कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील. त्याच राजवटीत, येथून फार दूर नसलेल्या कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. वारसाहक्काच्या निमित्ताने हा ग्रंथ वकिलांच्या तोंडी असतो. पण त्यात द्यूताचेही एक प्रकरण आहे, आणि तिकडे सहसा कोणी वळत नाही. जुगारात जिंकलेल्या पैशाची नोंद कोणी ठेवावी, त्यात राजाचा वाटा किती, आणि ती नोंद अखेर कोणाच्या कामी येते, एवढाच आजचा माझा विषय आहे. मोबाइलवर रमी खेळणाऱ्या तरुणाच्या पासबुकाशी त्याचा संबंध कसा पोहोचतो, ते पुढे दिसेलच.

मनूने द्यूत राज्यातून हद्दपारच करावे असे सांगितले. याज्ञवल्क्याची दृष्टी व्यवहारी. जुगाराच्या अड्ड्याचा चालक तो सभिक. शंभरावर जीत मिळविणाऱ्या पट्टीच्या खेळाडूकडून त्याने शेकडा पाच घ्यावे, इतरांकडून शेकडा दहा. राजाने त्याला संरक्षण द्यावे आणि त्याने ठरलेला भाग राजाला पोहोचवावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्यूताध्यक्ष जीतीवर शेकडा पाचच घेतो. वर फाशांचे भाडे आणि पाण्याचे दाम वेगळे! परंतु याज्ञवल्क्याच्या दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक अशी की, राजाचा भाग पोहोचला असेल आणि खेळ सभिकादेखत झाला असेल, तर हरणाऱ्याकडून जीत वसूल करून देणे हे राजाचे काम, एरवी नाही. दुसरी अशी की, द्यूत एकाच ठिकाणी, एका देखरेखीखाली चालवावे. का? तर चोर ओळखता यावेत म्हणून. हातात अकस्मात पैसा खेळू लागलेला माणूस कोठून आला, हे पाहण्याची ती जागा होती. म्हणजे सभिकाची नोंद ही जिंकणाऱ्याची साक्षीदार आणि राजाची हेर, अशी दुहेरी होती.

इंग्रजी अमलात यांतील पहिला भाग गळाला. १८७२ च्या करार कायद्याने पैजेचा करार निरर्थक ठरविला. जिंकलेल्या पैशासाठी दिवाणी दावा चालेना. १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा आला. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. येथे १३०५ फसलीचा हैदराबादचा जुगार कायदा होता. नोंद मग लपून राहू लागली. १९६२ च्या सुमारास कल्याणजी भगत यांनी आणि त्यानंतर रतन खत्री यांनी मुंबईत ज्या मटक्याचा व्याप वाढविला, त्याची चिठ्ठी कोणत्याही न्यायालयात चालणारी नव्हती. चालत होता तो केवळ शब्द.

सरकार मात्र वाट्यावरचा हक्क सोडीत नव्हते. बंगलोरच्या एका साप्ताहिकातील शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धेवर मुंबई सरकारने कर बसविला. चालक न्यायालयात गेले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जुगार हा मुळी व्यापारच नव्हे, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला नाही. कर मात्र द्यावयाचा. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी त्या निकालात ऋग्वेदापासून स्मृतींपर्यंतचा दाखला घेतला आहे.

मौज अशी की, चालकावर कर असला तरी जिंकणाऱ्यावर प्राप्तिकर नव्हता! केंद्राचा प्राप्तिकर आपल्याकडे १ एप्रिल १९५० पासून लागू झाला, आणि त्यात आकस्मिक प्राप्तीला सूट होती. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली निघाली तेव्हाही ती होती. ती संपली १९७२ साली. आमच्याकडे बहात्तर म्हटले की दुष्काळच आठवतो, वित्त कायदा कोणाला आठवणार? पण त्या तारखेचे महत्त्व एका खटल्याने उघड केले. एका बाईंनी मद्रास, बंगलोर आणि हैदराबाद अशा तिन्ही ठिकाणच्या घोड्यांच्या शर्यतींत दोनतीन हंगामांत एकामागून एक जॅकपॉट जिंकल्याचे दाखविले. शर्यतीच्या क्लबांचे दाखले त्यांच्यापाशी होते. कागद खोटा नव्हता. परंतु शर्यतींची माहिती तर जुजबी, आणि सूट संपताच बाईंनी शर्यतच सोडली! माणसाच्या स्वाभाविक वर्तनाशी हे जुळत नाही, सबब दिसते ते खरे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले. काळ्या पैशाने जिंकलेली तिकिटे विकत घ्यावयाची आणि तो पैसा करमुक्त जीत म्हणून वहीत आणावयाचा, अशी ती युक्ती मानली गेली. याज्ञवल्क्याला अड्ड्यावर चोर ओळखावयाचा होता. येथे अड्ड्याचा दाखलाच आडोसा झाला.

रमीचे वळण आपल्याच जुन्या कायद्यातून आले. सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात, त्या १३०५ फसलीच्या कायद्याखाली, १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. पुढे मोबाइलवरील रमी याच निकालाच्या आधारावर उभी राहिली. तेलंगणाने २०१७ साली पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली. म्हणजे तेव्हा हैदराबादच्या रस्त्याने मद्नूरला गेले की तोच डाव गुन्हा, आणि देगलूरला परतले की कौशल्य!

१ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातील निव्वळ जीतीवर शेकडा तीस कर आणि उगमस्थानीच कपात सुरू झाली. समजा, देगलूरच्या एखाद्या तरुणाने एका ॲपवर वर्षात ५०,००० रुपये भरले आणि ८०,००० काढले. निव्वळ जीत ३०,०००, कपात ९,०००. त्याच वर्षी दुसऱ्या ॲपवर त्याने ६०,००० घालविले, तरी त्या तोट्याची पहिल्या ॲपच्या हिशेबात जागा नाही. घरी तो तीस हजारांनी बुडालेलाच आहे, वर नऊ हजार गेले. बँकेच्या पासबुकात दोन्ही नोंदी असतात, पण बहुधा मध्यस्थ कंपनीच्या नावाने. आईवडिलांना त्या वाचून उलगडा होत नाही. आणि आलेल्या पैशाचा उगम सांगता आला नाही, तर तिसावर न थांबता साठ टक्क्यांचे कलम होते. राजा जीत वसूल करून देत असे. हारीची नोंद तेव्हाही कोणी ठेवली नाही.

२१ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या प्राप्तिकर कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ऑनलाइन जीतीवरील कर त्यात कायम आहे. दुसऱ्याच दिवशी, २२ ऑगस्टला, पैशाचे ऑनलाइन खेळ बंद करणाऱ्या आणि बँकांना त्यांचे व्यवहार मना करणाऱ्या कायद्याला संमती मिळाली. मोठ्या कंपन्यांनी लगोलग पैशाचे डाव थांबविले. मागील वर्षांची विवरणे मात्र तपासली जाणारच, आणि पासबुकात जीत दिसते तशी हार उलगडून दाखविणारा कागद एकच: ॲपवरील वर्षाचा उतारा. ज्यांच्या घरी हा प्रकार घडला असेल त्यांनी तो, आणि करकपातीचा दाखला, ॲप उघडते आहे तोवर उतरवून घ्यावा.