स्लोव्हेन भाषेतील ‘माझे’, ‘तुझे’, ‘त्याचे’ : एक इतिहास

स्लोव्हेन भाषेत एकवचनी मालकासाठी चार स्वामित्वदर्शक सर्वनामे आहेत : ‘मोय’ म्हणजे माझा, ‘त्वोय’ म्हणजे तुझा, ‘न्येगोव’ म्हणजे त्याचा आणि ‘न्येन’ म्हणजे तिचा. यांच्याबरोबर ‘स्वोय’ हे पाचवे येते. ते कोणत्याही पुरुषात चालते आणि वाक्याच्या कर्त्याकडे बोट दाखवते. ही सगळी सर्वनामे विशेषणांसारखी वागतात, म्हणजे ज्या वस्तूबद्दल बोलायचे तिच्या लिंगानुसार बदलतात. ‘मोय ब्रात’ माझा भाऊ, ‘मोया सेस्त्रा’ माझी बहीण, ‘मोये मेस्तो’ माझे शहर. मराठीप्रमाणे तिथेही तीन लिंगे आहेत, त्यामुळे मराठी माणसाला हे नवे वाटत नाही. ‘मोया मामा’ ऐकून मात्र आईच्या भावाची आठवण काढू नये. तिथे मामा म्हणजे आई. आजच्या पाठ्यपुस्तकात ही सर्वनामे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसलेली असली, तरी ती एका काळातली नाहीत. पहिली दोन आणि ‘स्वोय’ फार जुनी, तिसऱ्या पुरुषाची पुष्कळ नंतरची.

जुन्यांचा माग थेट संस्कृतपर्यंत लागतो. ‘स्वोय’ आणि संस्कृत ‘स्व’ एकाच मुळाचे. ‘त्वोय’चे नाते वैदिक ‘त्व’शी आहे, ज्याचा अर्थ तुझा असाच होतो. ‘ब्रात’ आणि ‘सेस्त्रा’ यांच्या शेजारी ‘भ्राता’ आणि ‘स्वसा’ ठेवले की हे कुटुंब किती पसरलेले आहे ते कळते.

लिखित पुरावा सुरू होतो तो फ्रायझिंगच्या हस्तलिखितांपासून. बव्हेरियातील फ्रायझिंगच्या बिशपांची आल्प्सच्या दक्षिणेकडे जमीन होती आणि तिथली प्रजा स्लाव्ह बोली बोलणारी होती. तिच्यासाठी साधारण 972 ते 1039 या काळात लॅटिन लिपीत तीन लहान मजकूर लिहिले गेले. दोन पापकबुलीचे, एक प्रवचनाचा. लॅटिन लिपीत लिहिलेले कोणत्याही स्लाव्ह भाषेतले हे सर्वांत जुने सलग लेखन मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बव्हेरियातील मठांची मालमत्ता सरकारजमा झाली, ग्रंथ म्युनिकला हलवले गेले आणि त्यांत हे मजकूर सापडले. आजही ते म्युनिकच्याच ग्रंथालयात आहेत.

पापकबुली हा प्रकारच असा की त्यात ‘माझे’ वारंवार यावे. पहिल्या मजकुरात कबुली देणारा आपले शरीर, आत्मा, शब्द, कृती, इच्छा, श्रद्धा आणि आयुष्य एकेक करून देवाच्या हवाली करतो आणि प्रत्येक वेळी सर्वनाम पुन्हा उच्चारतो. भाषाभ्यासकाला यापेक्षा सोयीचा तक्ता मिळणे कठीण. त्यात आयुष्यासाठी ‘मोय’ असे पूर्ण रूप आहे, पण इतर ठिकाणी ‘मो’, ‘मा’ अशी आखडलेली रूपे दिसतात. म्हणजे दोन स्वरांमधला ‘य’ गळून सर्वनाम आकसण्याची प्रक्रिया हजार वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. ‘मोयेगा’ऐवजी ‘मेगा’, ‘मोयेमु’ऐवजी ‘मेमु’ अशी रूपे पुढे कवितेत बराच काळ टिकली. प्रमाणभाषेने अखेरीस लांब रूपेच स्वीकारली. आज ‘मेगा’ लिहिणारा एक तर जुन्या कवीचा चाहता असतो, नाही तर मात्रा जुळवत असतो.

तिसऱ्या पुरुषाची गोष्ट वेगळी आहे. जुन्या स्लाव्हिकमध्ये ‘त्याचा’, ‘तिचा’ यांसाठी स्वतंत्र सर्वनामच नव्हते. सर्वनामाचे षष्ठीचे रूप नामाला जोडले की काम भागे, संस्कृतात ‘तस्य’ने भागते तसे. असे रूप नामाबरोबर बदलत नाही. रशियनने ही रीत आजपर्यंत जपली आहे. स्लोव्हेनमध्ये सोळाव्या शतकातल्या छापील पुस्तकांत जुनी रीत अजून दिसते, पण तिच्या बाजूला नवी रूपे उभी राहिलेली असतात. षष्ठीच्या ‘न्येगा’ला ‘ओव’ हा प्रत्यय लागून ‘न्येगोव’ झाले. स्त्रीच्या ‘न्ये’वरून ‘न्येन’ आले. हे ‘ओव’ भाषेत आधीपासून होतेच : ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, ‘ब्रातोव’ म्हणजे भावाचा. नामांपासून विशेषणे करण्याची ही सवय सर्वनामांपर्यंत पोचली. परिणाम असा की मालकाचे लिंग शब्दाच्या अंगात आणि वस्तूचे लिंग शेवटच्या स्वरात, अशी दुहेरी नोंद एकाच शब्दात होऊ लागली. ‘न्येन ब्रात’ तिचा भाऊ, ‘न्येना सेस्त्रा’ तिची बहीण, ‘न्येगोवा सेस्त्रा’ त्याची बहीण. इंग्रजी बोलणाऱ्याला हे समजावून सांगावे लागते. मराठीत ‘तिचा’ आणि ‘तिची’ नेमके हेच करतात.

छापील पुस्तकांचा आरंभ प्रिमोझ त्रुबार या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने केला. त्याची प्रश्नोत्तरी आणि अंकलिपी 1550 मध्ये जर्मनीत छापली गेली. 1584 हे वर्ष त्याहून महत्त्वाचे. विटेनबर्ग येथे त्या वर्षी युरी दाल्मातिनने केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर निघाले आणि त्याच गावी आदाम बोहोरिचचे पहिले स्लोव्हेन व्याकरणही निघाले. बोहोरिच ल्युब्ल्यानात शिक्षक होता. त्याने व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले आणि मांडणीही लॅटिन व्याकरणाच्या साच्यावरच केली. साचा परका असला तरी एक गोष्ट साधली : शेतकऱ्यांची मानली गेलेली ही बोली विभक्तींच्या तक्त्यात बसते, हे कागदावर सिद्ध झाले. प्रतिसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट पुस्तके जाळली गेली आणि व्याकरणाचे काम रेंगाळले. मार्को पोह्लिन या भिक्षूचे 1768 चे व्याकरण जर्मनमध्ये होते. येर्नेय कोपितारचे 1809 मध्ये प्रसिद्ध झालेले, पहिले शास्त्रशुद्ध म्हणून नावाजलेले व्याकरणही जर्मनमध्येच होते.

स्लोव्हेन भाषेचे व्याकरण स्लोव्हेनमध्येच शिकवण्याची वेळ आली ती नेपोलियनमुळे. 1809 ते 1813 या काळात हा प्रदेश फ्रेंचांच्या इलिरियन प्रांतांत होता आणि प्राथमिक शाळांत स्थानिक भाषेला जागा मिळाली. कवी आणि शिक्षक वालेन्तिन वोद्निकने 1811 मध्ये शाळांसाठी व्याकरण लिहिले, तेही स्लोव्हेनमध्ये. पुढे फ्रान मेतेल्कोने 1825 मध्ये नव्या लिपीसकट व्याकरण काढले. त्याच्या लिपीत ‘न्य’ या ध्वनीसाठी एकच स्वतंत्र अक्षर होते, म्हणजे ‘न्येगोव’ आणि ‘न्येन’ यांचा चेहराच बदलणार होता. लेखकांत मोठे भांडण झाले, 1833 मध्ये ती लिपी शाळांतून बाद झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजची लिपी रुळली.

व्याकरणकारांची सर्वांत चिकट तक्रार ‘स्वोय’विषयी आहे. नियम सोपा : वस्तू कर्त्याची स्वतःची असेल तर पुरुष कोणताही असो, ‘स्वोय’ वापरायचे. ‘पेतेरने स्वोय छत्री घेतली’ म्हणजे स्वतःची; ‘न्येगोव’ म्हटले की छत्री दुसऱ्या कुणाची तरी. मराठीतही ‘मी माझी छत्री घेतली’ आणि ‘मी आपली छत्री घेतली’ दोन्ही चालतात, पण ‘त्याने आपली छत्री’ आणि ‘त्याने त्याची छत्री’ यांत वाचक अडखळतोच. जर्मनमध्ये अशी वेगळी सोय नाही. तिथे ‘मी माझी टोपी घेतली’ असेच म्हणावे लागते. शतकानुशतके हा प्रदेश जर्मनभाषक प्रशासनाखाली होता आणि शिकलेला माणूस जर्मनमध्ये वाचत होता. त्यामुळे ‘स्वोय’च्या जागी ‘मोय’ घुसणे अटळ होते. शुद्धतावाद्यांनी त्यावर खूप शाई खर्च केली. प्रमाणलेखनात त्यांचे म्हणणे टिकले आणि ते रास्तही आहे, कारण तिसऱ्या पुरुषात अर्थच बदलतो. पहिल्या पुरुषात मात्र बोलणारे आजही घसरतात आणि त्यात कुणाचे नुकसान होत नाही.

‘त्वोय’ कुणाला म्हणावे, हे व्याकरणाने नाही तर समाजाने ठरवले. ‘ती’ने (म्हणजे ‘तू’ने) हाक मारणे म्हणजे ‘तिकान्ये’, ‘वी’ने (म्हणजे ‘तुम्ही’ने) म्हणजे ‘विकान्ये’, आणि तिसऱ्या पुरुषाच्या अनेकवचनाने, जर्मनच्या अनुकरणाने, हाक मारणे म्हणजे ‘ओनिकान्ये’. त्याप्रमाणे सर्वनाम ‘त्वोय’, ‘वाश’ (तुमचा) किंवा ‘न्यिहोव’ (त्यांचा) होई. ग्रामीण घरांत मुले आईवडिलांना ‘वी’ म्हणत आणि त्यांच्याबद्दल बोलताना क्रियापद अनेकवचनी ठेवत. ‘वडील म्हणाले, त्यांचे शेत’ ही मराठी रीत तिथल्या जुन्या पिढीला लगेच कळली असती. फरक आईपाशी पडतो. मराठी घरात आईला ‘तू’ म्हणतात, तिथे तिलाही अनेकवचनाचाच मान होता. समोरच्याशी ‘ओनिकान्ये’ विसाव्या शतकात मागे पडले, कुटुंबातले ‘विकान्ये’ही विरळ झाले. दुकानात, कचेरीत आणि अनोळखी माणसाशी ‘वाश’ मात्र अजून लागतेच. नवख्या विद्यार्थ्याला एकवचनी तक्ता पाठ असूनही बाहेर पडताच हे अनेकवचनी सर्वनाम हवे असते, आणि पुस्तके बहुधा ते पुढच्या धड्यात ठेवतात. हा क्रम उलटा असता तर बरे झाले असते.

‘न्येगोव’ ज्या प्रत्ययाने घडला तो सार्वजनिक जीवनात सर्वत्र आहे. स्त्रीचा उल्लेख आडनावाने करताना ‘नोवाक’चे ‘नोवाकोवा’, म्हणजे नोवाकची, असे होई. वृत्तपत्रांत ही रीत आजही आढळते आणि तिच्यावर आक्षेपही घेतले जातात. फ्रान्स प्रेशेरेनच्या 1834 च्या सुनीतमालेत आद्याक्षरांतून युलिया प्रिमित्सला केलेली अर्पणपत्रिका गुंफलेली आहे आणि तीत तिचे आडनाव याच स्वामित्वदर्शक रूपात येते. ल्युब्ल्यानाचे रस्तेही असेच : त्रुबारयेवा, बोहोरिचेवा, कोपितारयेवा. सगळे विशेषणरूपी, सगळे कुणाचे तरी. ‘मेतेल्कोवा’ या रस्त्यावरची जुनी लष्करी बराक 1993 मध्ये कलावंतांनी ताब्यात घेतली आणि लिपी फसलेल्या त्या व्याकरणकाराचे नाव देशाबाहेरच्या तरुणांपर्यंत पोचले.

स्वतंत्र राष्ट्राची राजभाषा म्हणून स्लोव्हेन 1991 पासून आणि युरोपीय संघाची अधिकृत भाषा म्हणून 2004 पासून परकी विद्यार्थ्यांना अधिक प्रमाणात शिकवली जाऊ लागली. मराठी विद्यार्थ्याला लिंगाचा भाग फुकट मिळतो, विभक्तीचा मिळत नाही. मराठीत प्रथमेखेरीज सर्वत्र ‘माझ्या’ हे एकच सामान्यरूप पुरते : माझ्या भावाचा, माझ्या भावाला, माझ्या भावाबरोबर. स्लोव्हेनमध्ये सहा विभक्ती आहेत आणि सर्वनाम नामाबरोबर बदलत जाते : ‘मोयेगा ब्राता’, ‘मोयेमु ब्रातु’, ‘झ मोयिम ब्रातोम’, बहिणीकडे असायचे तर ‘प्री मोयी सेस्त्री’. द्वितीयेत सजीव-निर्जीव भेदही आहे. ‘तुझा भाऊ दिसतो’ हे ‘विदीम त्वोयेगा ब्राता’, पण ‘तुझी गाडी दिसते’ हे नुसते ‘विदीम त्वोय आवतो’. म्हणून सर्वनामांचा तक्ता सुटा पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. प्रत्येक रूप एखाद्या नामाबरोबर आणि संपूर्ण वाक्यातच पाठ करावे.