दाराखालचा उंबरा

गेल्या वर्षी रमजानमध्ये पहाटे सेहरीच्या वेळी फोन वाजला. अशा वेळी फोन वाजला की छातीत धस्स होतं. पलीकडे भाचा होता, इंग्लंडातून. तिथे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आवाज आनंदी होता, म्हणून जिवात जीव आला.

‘‘मामू, स्पोर्ट्स कार घेतोय.’’

मी हातातला घास तसाच ठेवला. तो कॉव्हेंट्रीत नोकरी करतो. पगार बरा आहे, पण स्पोर्ट्स कार घेण्याइतका नाही, हे मला ठाऊक होतं.

‘‘जुनी आहे. सेकंडहँड. रोज तीच घेऊन कामावर जाणार. तुम्ही ओळखता तिला. तुमच्या चाचांच्या गॅरेजमधली हेराल्ड आठवते ना? तिची सख्खी बहीण. ट्रायम्फ स्पिटफायर.’’

मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो, तेही मराठी घेऊन. मोटारीची किंमत ठरवण्याशी माझा संबंध काय? पण हेराल्डचं नाव निघालं आणि मिरजेचं ते गॅरेज, ग्रीसचा वास, जमिनीवर पसरलेली गोणपाटं, सगळं डोळ्यांपुढे आलं. मग पुढचे काही आठवडे मी त्या गाडीच्या मागे लागलो. तिचा इतिहास वाचला. भाच्याने दोन गाड्या पाहून ठेवल्या होत्या आणि त्यांतली एक निवडायची होती. तेव्हा लक्षात आलं, की जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत करायची तर आधी ती का आणि कशी जन्मली, हे जाणून घ्यावं लागतं. तिचे दोष जन्मापासूनचे असतात.

हेराल्ड आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. स्टँडर्ड कंपनी ती १९६१ पासून मद्रासला तयार करू लागली. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर अॅम्बॅसिडर आणि फियाटच्या गर्दीत ही नाजूक गाडी उठून दिसे. पुढे तिचं चार दारांचं रूप निघालं, ते फक्त भारतातच. मूळ हेराल्ड मात्र कॉव्हेंट्रीची, १९५९ सालची. तिची आखणी इटलीतल्या तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी केली. त्या काळात बहुतेक कंपन्या चासी आणि बॉडी एकजीव असलेल्या गाड्यांकडे वळल्या होत्या. हेराल्डला मात्र जुन्या पद्धतीची वेगळी चासी राहिली. कारण साधं होतं. बॉडी बनवून देणारा जुना कारखाना प्रतिस्पर्धी बी. एम. सी. कंपनीने विकत घेतला होता. मग पत्र्याचे भाग निरनिराळ्या ठिकाणी बनवायचे आणि चासीवर बोल्टांनी जोडायचे, असा मार्ग निघाला. अडचणीतून निघालेल्या या मार्गाचा पुढे फार उपयोग झाला. वेगळी चासी असली की तिच्यावर दुसरी बॉडी चढवता येते.

तसंच झालं. हेराल्डची चासी सुमारे साडेआठ इंचांनी आखूड केली, तिच्यावर मिकेलोत्तींनीच दोन माणसांची उघडी, देखणी बॉडी रेखली. नमुना तयार झाला आणि कंपनीकडचे पैसे संपले. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी ताब्यात घेतली. नवे साहेब कारखाना पाहत फिरत असताना एका कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली ही गाडी त्यांना सापडली, असं सांगतात. ऑक्टोबर १९६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं नाव तिला दिलं गेलं. १९८० पर्यंत अशा तीन लाखांहून अधिक गाड्या निघाल्या.

नाव विमानाचं, पण इंजिन हेराल्डचंच, ११४७ सी.सी.चं. फक्त त्याला दोन कार्बुरेटर. ताकद त्रेसष्ट घोड्यांची. आजची साधी घरगुती गाडीसुद्धा तिला चढावर मागे टाकील. पण त्या काळच्या तरुण कारकुनाला, शिक्षकाला, नर्सला ही गाडी परवडत होती. शिवाय तिला वर-खाली होणाऱ्या काचा होत्या. तुम्ही हसाल, पण त्याच वर्गातल्या दुसऱ्या लोकप्रिय गाडीला तेव्हा बाजूचे पडदे लावावे लागत. इंग्लंडच्या पावसात रोज कामावर जाणाऱ्याला काच केवढी मोलाची! म्हणजे रोज वापरायची स्पोर्ट्स कार ही भाच्याची कल्पना काही नवी नव्हती. गाडी जन्मली तीच त्यासाठी.

आता दोष. वेगळी चासी असली तरी स्पिटफायरच्या चासीला बाजूच्या पट्ट्या नाहीत. मधोमध कणा आहे, आणि गाडीचा बराचसा भार दोन्ही दारांखालच्या पोकळ पत्र्यावर पडतो. इंग्रजीत त्याला ‘सिल’ म्हणतात, म्हणजे उंबराच. हा उंबरा आतून गंजतो. वरून रंग चकचकीत आणि आत चाळण. काही लोक त्यावर पुट्टी भरतात, रंग मारतात आणि गाडी विकतात. काही जण नवा पत्रा जोडतात, पण जोडताना गाडीला आधार देत नाहीत. मग मधून गाडी किंचित वाकते. ते ओळखायची खूण म्हणजे दार. दाराभोवतीची फट खाली-वर सारखी हवी. वर अरुंद, खाली रुंद झाली, की समजावं कुणीतरी घाई केली आहे.

चाचा हेच करत. हेराल्ड असो की फियाट, आधी ते दार उघडून सोडून देत आणि ते कसं लागतं, याचा आवाज ऐकत. खिशात जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक असे, फडक्यात गुंडाळलेलं. ते पत्र्यावरून फिरवायचं. चिकटलं तर पत्रा, सुटलं तर पुट्टी.

भाच्याने पाहिलेली पहिली गाडी १९६९ सालची होती. लाल रंग, क्रोमचे बंपर, नवं हूड. नुकतीच सगळी नव्याने केलेली. दुसरी १९७३ ची, फिक्या पिवळ्या रंगाची, एका निवृत्त शिक्षिकेची. बाईंनी ती वर्षानुवर्षं रोज चालवलेली. रंगाचे पोपडे निघालेले, सीट फाटलेली. पहिलीची किंमत दुसरीच्या जवळजवळ दुप्पट.

बाजाराच्या हिशेबात हे बरोबरच होतं. जुनी, गोल पाठीची मॉडेलं संग्राहकांना आवडतात. पण रोजच्या वापराचा हिशेब वेगळा. १९७० च्या अखेरीपर्यंतच्या स्पिटफायरमध्ये मागच्या चाकांची रचना हेराल्डसारखी आहे. वळणावर वेगात असताना घाबरून अॅक्सिलरेटर सोडला, तर मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी गर्रकन फिरू शकते. नंतरच्या मॉडेलमध्ये मागची स्प्रिंग बदलून हे बरंचसं आवरलं. पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश आलं. १९७४ पासून १४९३ सी.सी.चं मोठं इंजिन आलं. ते ताकदवान खरं, पण सतत वेगात पळवलं तर त्याची खालची बेअरिंगं लवकर झिजतात. माझ्या मते रोज कामावर जाणाऱ्यासाठी मधली मॉडेलं, १९७१ ते १९७४ ची, सर्वांत शहाणपणाची. त्यात ओव्हरड्राइव्ह असेल तर सोन्याहून पिवळं. हायवेवर इंजिन जरा शांत फिरतं आणि शेजारच्या माणसाशी न ओरडता बोलता येतं.

हे वाचत असताना एका अर्थशास्त्रज्ञाची गाठ पडली. जॉर्ज अॅकरलॉफ. १९७० साली त्यांनी सेकंडहँड मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत दोष लपलेल्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात, लिंबू. त्यांचं म्हणणं असं : गाडी चांगली की लिंबू, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. ती चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात लिंबं. हा निबंध आधी काही नियतकालिकांनी परत पाठवला होता. २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. आपल्याला जवळची गोष्ट अशी, की १९६७-६८ मध्ये अॅकरलॉफ दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. निबंधात मोटारींशेजारी आपल्या बाजारातला तांदूळ येतो, त्यात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे येतात आणि ते निवडत बसलेली गृहिणीही येते.

निबंध पटतो. पण एका जागी माझं मन अडलं. विकणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, हे खरं आहे का?

मी तेव्हा आठवी-नववीत असेन. १९८२-८३ चं साल. आमच्या गल्लीतल्या एका वकिलांना हेराल्ड घ्यायची होती. चाचांनीच ती मिळवून दिली. चुंबक फिरवलं, दार ऐकलं आणि शब्द दिला, ‘‘वकीलसाहेब, डोळे मिटून घ्या.’’ सात-आठ महिन्यांनी गाडी कोर्टाच्या फाटकात हळू वळत होती. कडकन आवाज झाला आणि पुढचं डावं चाक आडवं पडलं. वेग नव्हता म्हणून निभावलं. वकिलांच्या आईच्या मनगटाचं हाड मोडलं.

हेराल्डच्या पुढच्या चाकाच्या खालच्या टोकाला एक पितळी सांधा असतो, ट्रनियन. त्याच्या आट्यांवर चाक वळतं. चाचा दर महिन्याला इमानाने त्यात ग्रीस भरत. गॅरेजच्या फळीवर गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक धूळ खात पडलं होतं. चाचांना इंग्रजी येत नव्हतं. त्या रात्री त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. ‘‘वाच.’’ मी शब्द लावत लावत वाचलं. त्या सांध्यात ग्रीस नाही, गिअर ऑइल घालायचं होतं. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, आतला लोखंडी दांडा गंजतो आणि एक दिवस तुटतो. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला तेच पान पुन्हा वाचायला लावलं.

त्यांनी आपली लँब्रेटा विकली आणि वकिलांचे पैसे परत केले. वकील घ्यायला तयार नव्हते. शेवटी वकिलांच्या आईंनी सांगितलं, ‘‘घे, नाहीतर ते झोपणार नाहीत.’’

स्पिटफायरला पुढे तोच सांधा आहे.

म्हणून मी भाच्याला सांगितलं, पहिला प्रश्न मायलेजचा विचारू नकोस. या गाड्यांचा मीटर पाच आकडी. लाख मैल झाले की पुन्हा शून्यावर. ट्रनियनमध्ये काय घालतोस, हे विचार. मालकाने ‘ग्रीस’ म्हटलं तर किंमत उतरव. ‘तो काय असतो?’ असं म्हटलं तर घरी ये. दुसरी परीक्षा अशी, की बॉनेट उघडून इंजिनाच्या पुढच्या पुलीकडे बघायचं आणि दुसऱ्याला क्लच दाबायला सांगायचं. पुली पुढे-मागे सरकताना दिसली तर आतले थ्रस्ट वॉशर झिजलेत. वेळीच बदलले तर खर्च थोडा. नाहीतर पूर्ण इंजिनच जातं. आणि कागद बघ. इंग्लंडमध्ये १९६० पासून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. दर वर्षीच्या दाखल्यात मीटरचा आकडा आणि सापडलेले दोष लिहिलेले असतात. मे २०१८ पासून चाळीस वर्षांपुढच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना त्यातून सूट मिळाली. मालकाची कटकट गेली, पण घेणाऱ्याचा एक साक्षीदारही गेला. सरकारने ही सूट द्यायला नको होती, असं मला वाटतं. रस्ताकराची सूट ठीक आहे. लंडनमध्ये धुराचा दंड आकारतात, तोही या म्हाताऱ्यांना माफ आहे. त्याच रस्त्यावर पंधरा वर्षांपूर्वीच्या डिझेल गाडीला मात्र रोज पैसे मोजावे लागतात. गंमतच आहे.

भाचा शनिवारी पावसात दोन्ही गाड्या पाहायला गेला. लाल गाडी वर्षाला फार तर शंभर मैल चालली होती, बाकी वेळ झाकलेली. उभ्या गाडीचे ब्रेकचे रबर आखडतात, पेट्रोल शिळं होतं. २०२१ पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुने रबरी पाइप खराब होतात. मालकाने ते बदलले नव्हते. उजव्या दाराची फट वर करंगळीएवढी आणि खाली अंगठ्याएवढी. मालक मात्र सज्जन होता. त्याने ज्या कारागिराला काम दिलं, त्याच्यावर विश्वास ठेवला होता. लपवायला त्याच्याकडे काही नव्हतंच.

पिवळ्या गाडीच्या बाईंनी एक बाडच पुढे ठेवलं. १९८४ पासूनची बिलं आणि सूट मिळाल्यावरही दर वर्षी हौसेने करून घेतलेल्या तपासणीचे दाखले. उंबरे दोनदा बदललेले. दुसऱ्या वेळेचे फोटो होते, त्यात गाडीला आधाराच्या पट्ट्या लावलेल्या दिसत होत्या. भाच्याने व्हिडिओ कॉल लावून फोन पुलीजवळ धरला. बाई आत बसून क्लच दाबत होत्या. पुली जराशी हलली. तेवढ्या कामाचे पैसे त्याने किमतीतून कमी मागितले. बाईंनी लगेच मान्य केलं, वर चहा दिला.

आता तो रोज त्याच गाडीने कामावर जातो. तिथल्या विमा कंपनीने आधीच ठरलेली किंमत लिहून दिली आहे, पण रोजच्या कामासाठी वापरणार म्हटल्यावर हप्ता वाढवला. डिसेंबरात हीटर चालला नाही, तर त्याने मला शिव्या सोडून बाकी सगळं ऐकवलं.

परवा ईदला त्याचा फोन आला. मुबारकबाद झाली, सगळ्यांची खुशाली झाली. मग मी विचारलं, ‘‘ट्रनियनमध्ये घातलंस का?’’

‘‘घातलं मामू. ऑइलच.’’

‘‘दोन्हीकडे?’’

‘‘दोन्हीकडे.’’