लाल ठिपक्याचा लक्ष्यदर्शक व सैनिकी रायफल

रायफलीवर बसविलेल्या लहानशा भिंगातून पाहिले असता समोरच्या दृश्यावर प्रकाशाचा एक लाल बिंदू दिसावा व तो जेथे दिसेल तेथे गोळी जावी, अशी रचना असलेल्या प्रकाशीय उपकरणास लाल ठिपक्याचा लक्ष्यदर्शक म्हणतात. ही दुर्बीण नव्हे. बहुतेक प्रकारांत दृश्य मोठे होत नाही. लक्ष्यावर लेसर किरण टाकणाऱ्या उपकरणाशीही त्याची गल्लत करू नये. कारण हा ठिपका केवळ नेम धरणाऱ्याच्या डोळ्याला दिसतो, लक्ष्यावर पडत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो पायदळाच्या रायफलीवर सर्रास दिसू लागला. परंतु त्यामागील तत्त्व १९०० सालचे आहे. तत्त्व व वापर यांत एवढे अंतर पडण्याचे कारण काही अंशी दिव्याच्या आणि बऱ्याच अंशी बैठकीच्या अडचणीत सापडते.

तत्त्व : रायफलीच्या जुन्या पद्धतीत नळीच्या टोकाशी माशी व डोळ्याजवळ खाच किंवा छिद्र असते. खाच, माशी व लक्ष्य ही एका रेषेत आणली की नेम धरला जातो. या तीन वस्तू तीन निरनिराळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावू शकतो. म्हणून माशी स्पष्ट व लक्ष्य किंचित अंधूक पाहावे, असे नवशिक्याला शिकवितात. चाळिशी लागलेल्या माणसाला तर माशीही अंधूक दिसू लागते. अमेरिकी गॅरंड रायफलीत खाच व माशी यांतील अंतर सुमारे ७० सेंमी. आहे, तर रशियन कलाश्निकोव्ह रायफलीत ते अवघे ३७८ मिमी. आहे. हे अंतर जितके कमी, तितकी डोळ्याची चूक लक्ष्यावर मोठी होऊन उमटते.

लाल ठिपक्याच्या लक्ष्यदर्शकात ही अडचण वेगळ्या मार्गाने दूर केली जाते. अंतर्गोल परावर्तक पृष्ठाच्या नाभीवर प्रकाशाचा सूक्ष्म उगम ठेवला, तर परावर्तित किरण एकमेकांना समांतर होऊन बाहेर पडतात. डोळ्याला ते अनंत अंतरावरील बिंदूपासून आल्यासारखे वाटतात. त्यामुळे ठिपका व दूरचे लक्ष्य एकदमच स्पष्ट दिसतात आणि डोळा थोडा बाजूला सरकला, तरी ठिपका लक्ष्यावरून फारसा हलत नाही. परावर्तक काचेवर असा पातळ लेप असतो, की तो दिव्याचा लाल प्रकाश परावर्तित करतो व इतर रंग बव्हंशी आरपार जाऊ देतो. म्हणूनच अशा काचेतून पाहिलेले दृश्य किंचित निळसर किंवा हिरवट भासते. ठिपक्याचा आकार कोनात मोजतात. एक कोनीय मिनिट म्हणजे १०० मी. अंतरावर सुमारे २.९ सेंमी.; म्हणजे दोन मिनिटांचा ठिपका तेथे जवळजवळ ६ सेंमी. जागा झाकतो. या उपकरणात पराशय मुळीच नसतो, असे विक्रेते सांगतात. पण जवळच्या लक्ष्याच्या बाबतीत आणि ठिपका भिंगाच्या कडेला असताना तो थोडाफार उरतोच.

इतिहास : डब्लिन येथील प्रसिद्ध दूरदर्शक-निर्माते सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये परावर्तक लक्ष्यदर्शकाचे एकस्व घेतले. त्याचा पहिला मोठा उपयोग मात्र बंदुकीवर न होता विमानांवर झाला. बर्लिनच्या ऑइगे या संस्थेचे लक्ष्यदर्शक १९१८ मध्ये जर्मन लढाऊ विमानांवर वापरून पाहण्यात आले आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते लढाऊ विमानाचा आवश्यक भाग बनले. याचे कारण उघड आहे. विमानात दिव्यासाठी वीज होती, उपकरणाच्या वजनाची फिकीर नव्हती आणि ते विमानाच्या सांगाड्याला कायमचे पक्के करता येत होते. पायदळाच्या शिपायाजवळ या तिन्ही गोष्टी नव्हत्या.

रायफलीवरील त्याच्या आरंभीच्या उपयोगांपैकी एक प्रसंग लक्षणीय आहे. उत्तर व्हिएटनाममधील सोन ताय येथील युद्धकैद्यांच्या छावणीवर २१ नोव्हेंबर १९७० रोजी अमेरिकेच्या ५६ विशेष सैनिकांनी रात्री छापा घातला. रात्रीच्या सरावात जुन्या पद्धतीने नेम नीट साधेना, म्हणून खुल्या बाजारातून ‘सिंगलपॉइंट’ नावाचे लक्ष्यदर्शक विकत आणण्यात आले. त्यांतून आरपार दिसतच नसे. एका डोळ्याला काळ्या पार्श्वभूमीवर फक्त ठिपका व दुसऱ्या उघड्या डोळ्याला लक्ष्य दिसे आणि मेंदू ही दोन चित्रे एकत्र करी. दोन्ही डोळ्यांचे अक्ष जुळत नसलेल्या माणसाला अशा वेळी ठिपका चुकीच्या जागी दिसतो, हा या पद्धतीतील मूळचा दोष होय. छाप्यासाठी हे लक्ष्यदर्शक रायफलींवर बसविले गेले ते विजेच्या तारांना गुंडाळतात त्या काळ्या चिकटपट्टीने. छापा घालणारे आत शिरले तेव्हा कैदी पूर्वीच अन्यत्र हलविलेले होते. तथापि शस्त्रांच्या इतिहासात ती चिकटपट्टी लक्षात राहण्याजोगी आहे. दिव्याचा प्रश्न सुटत आला होता, बैठकीचा सुटलेला नव्हता.

दिव्याचा प्रश्न प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाने सोडविला. दृश्य लाल प्रकाश देणारे द्विप्रस्थ १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी तयार केले. स्वीडनमधील एमपॉइंट या कंपनीने १९७५ मध्ये त्यावर आधारलेला लक्ष्यदर्शक बाजारात आणला. त्यात ठिपका व दृश्य एकाच भिंगातून दिसत व दोन्ही डोळे उघडे ठेवता येत. त्याचे पहिले गिऱ्हाईक शिकारी व नेमबाज होते, सैन्य नव्हे. आरंभीच्या उपकरणांत विद्युत् घट लवकर संपे. पुढे विजेचा वापर इतका घटला, की काही प्रकारांत एक घट अनेक वर्षे पुरतो. अमेरिकेच्या भूसेनेने १९९७ मध्ये याच कंपनीचा लक्ष्यदर्शक ‘एम-६८’ या नावाने स्वीकारला.

बैठक : जुन्या सैनिकी रायफली प्रकाशीय उपकरण बसविण्यासाठी घडविलेल्याच नव्हत्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. लक्ष्यदर्शकाची बैठक १० सेंमी. लांब असेल आणि तिचे एक टोक केसाच्या जाडीइतके, म्हणजे ०.१ मिमी. उचलले गेले, तर १०० मी. वर गोळी १० सेंमी. सरकते. काच कितीही उत्तम असो, तिच्याखालील लोखंड हलत असेल तर ठिपका चुकीची जागा दाखवितो, आणि तीही अगदी ठळकपणे. माशी वाकली तर ते दिसते; बैठक ढिली झाल्याचे शिपायाला कळतही नाही.

ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात ली-एनफील्ड क्र. ४ रायफलीवर दुर्बीण बसविली, तेव्हा हा धोका ओळखून काम केले होते. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांनी निवडक रायफलींच्या यंत्रपेटीच्या (जिच्यात बोल्ट सरकतो त्या भागाच्या) डाव्या अंगाला दोन पोलादी गाद्या पक्क्या बसवून त्यांवर दुर्बिणीचा कंस अडकविला. प्रत्येक दुर्बीण विशिष्ट रायफलीचीच असे व तिचा क्रमांक दस्त्यावर ठोकला जाई. दुर्बिणीच्या उंचीला गाल पोहोचावा म्हणून दस्त्यावर लाकडी उशीही जोडीत. ही जोडी मोडू नये, हा सारा खटाटोप त्यासाठी होता. गॅरंडची अडचण निराळी होती. तिच्यात आठ काडतुसांची क्लिप वरून भरतात व ती रिकामी होताच वरच उडते. त्यामुळे वरची जागा अडविता येत नाही. तिच्या निशाणबाजी प्रकारांत दुर्बीण डावीकडे सरकवावी लागली. गॅरंडपासून निघालेल्या एम-१४ च्या डाव्या अंगाला आटे पाडलेले एक छिद्र दिलेले आहे. पण मुख्य भार एकाच स्क्रूवर आल्याने दणक्यांनी तो सैल होण्याची तक्रार जुनीच आहे. अलीकडे हौशी लोक अशा रायफलींवर नळीच्या वरचे मागचे लाकूड काढून त्या जागी पट्टी आवळतात व तिच्यावर लहान लक्ष्यदर्शक पुढे बसवितात. ठिपक्यासाठी डोळा काचेच्या जवळ असावा लागत नाही, म्हणून हे जमते. क्लिपची वाट मोकळी राहते. मात्र तापलेल्या नळीची धग उपकरणाला सोसावी लागते.

कलाश्निकोव्हचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. वरून पाहता तिचे झाकण लक्ष्यदर्शकासाठी आयतीच जागा वाटते. प्रत्यक्षात ते पातळ पत्र्याचे असून प्रत्येक साफसफाईच्या वेळी निघते व पुन्हा तंतोतंत त्याच जागी बसत नाही. म्हणून सोव्हिएट अभिकल्पकांनी ते टाळून यंत्रपेटीच्या डाव्या अंगाला रिव्हेटांनी पट्टी जोडली. आरंभी ही पट्टी केवळ रात्रीच्या दुर्बिणी वापरणाऱ्या रायफलींना असे. १९९१ च्या एके-७४एम प्रकारापासून ती सरसकट आली. तिच्यावरील कंस झाकणावरून वळसा घेऊन लक्ष्यदर्शक नळीच्या रेषेवर आणतो. रचना भक्कम, पण उंच. परिणामी शिपायाच्या गालाला दस्त्याचा आधार सुटतो व हनुवटी टेकून नेम धरावा लागतो. शिवाय ठिपका नळीच्या ६-७ सेंमी. वर असल्याने ५० मी.साठी नेम जुळविलेल्या रायफलीची गोळी १० मी.वर सुमारे ५ सेंमी. खाली लागते.

या विविधतेला शिस्त लागली ती अमेरिकेच्या १९९५ च्या प्रमाण पट्टीमुळे. न्यू जर्सीतील पिकाटिनी शस्त्रागाराच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यावरील खाचांची रुंदी व अंतरे ठरलेली असल्याने कोणाचाही लक्ष्यदर्शक कोणाच्याही रायफलीवर चढू लागला. माझ्या मते आधुनिक पायदळाच्या नेमबाजीवर या साध्या धातूच्या पट्टीचा परिणाम एखाद्या नव्या काडतुसापेक्षा कमी नाही. प्रमाणीकरणाने सर्व दोष मात्र गेले नाहीत. होलोग्राफीवर आधारलेल्या एका लक्ष्यदर्शकात तापमान बदलले की नेम सरकतो व ही गोष्ट लपविली गेली, या आरोपावरून त्याच्या निर्मात्यांनी २०१५ मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करून २.५६ कोटी डॉलर भरले. ठिपका विझल्यास वा बिघडल्यास उपयोगी पडावी म्हणून माशी व खाच बहुतेक सेनांनी कायम ठेवली आहे.

भारतात पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने अभिकल्पित केलेल्या इन्सास रायफलीत मागील दर्शक झाकणावरच आहे. इझ्राएलच्या गॅलील व फिनलंडच्या रायफलींतही तो तेथेच असतो. अशा रचनेत झाकण घट्ट बसणे अत्यावश्यक ठरते. भारताच्या विशेष दलांनी घेतलेल्या इझ्राएली टॅव्हर रायफलीवर लाल ठिपक्याचा लक्ष्यदर्शक मूळ साधन म्हणूनच येतो. उत्तर प्रदेशातील कोरवा येथे रशियाच्या सहकार्याने बनणाऱ्या एके-२०३ रायफलीच्या झाकणावर प्रमाण पट्टी दिलेली आहे आणि ते हलू नये म्हणून त्याची बांधणी जुन्या कलाश्निकोव्हपेक्षा मजबूत केली आहे. झाकण उघडून बंद केल्यावर ठिपका जागेवर राहिला की नाही, हे पाहण्यासाठी मात्र चांदमारीवर जाऊन गोळ्या झाडाव्याच लागतात.