शिल्लक: अडकलेल्या मालाची कुळकथा

इंदापूरजवळ एका पावसाळ्यात मालाचा ट्रक चिखलात रुतला होता. चालक विजापूरकडचा. फोनवर मालकाला तो हकीकत सांगत होता आणि त्यात ‘सिलुकु’ हे क्रियापद दोनदा आलं. अर्थ विचारला तर म्हणाला, ‘अडकणं.’ तेव्हापासून ‘शिल्लक’ या शब्दानं माझी पाठ सोडलेली नाही.

कीर्द, खतावणी, बाकी, रोजमेळ या जमाखर्चाच्या शब्दांची कुळं बऱ्याच जणांनी उकरली आहेत. बाकी अरबी, रोजमेळातला रोज फारसी, ते असो. शिल्लक मात्र बिनबापाची वावरते. मार्च संपताना बारामतीच्या बाजारपेठेतला दुकानदार पोती मोजतो आणि वहीत ‘अखेर शिल्लक’ लिहितो. कन्नडमध्ये उरलेल्या रकमेला ‘शिल्कु’ म्हणतात, हे कळलं तेव्हा माझा तर्क पक्का झाला: शिल्लक म्हणजे विकली न गेलेली, अडकून बसलेली चीज.

यावर पहिला हल्ला असा की कन्नडनंच हा शब्द मराठीकडून उचलला. पेशवाईत मराठी कारकून धारवाडच्या पलीकडे पोचले होते, वह्या त्यांच्या हातात होत्या. मान्य. पण क्रियापद कारकुनाबरोबर प्रवास करत नाही. अडकण्याचं ‘सिलुकु’, ‘सिक्कु’ कन्नडचं घरचं आहे, तमिळ-तेलुगूत त्याचा भाऊ ‘चिक्कु’ आहे. मराठीत शिल्लकेला असं एकही नातेवाईक क्रियापद नाही. अनाथ पोर कोणाच्या दारात सापडलं यापेक्षा कोणाच्या तोंडावळ्याचं आहे ते पाहावं.

दुसरा हल्ला अरबीकडून. तिथे ‘सिल्क’ म्हणजे दोरा, लड. हिशेबाची लड ओढत आणली की शेवटी उरते ती शिल्लक. ऐकायला गोड, पण दोऱ्यापासून उरण्यापर्यंतची वाट फार लांबची आहे. तिसरा हल्ला गुजरातीचा. तिथे हातातल्या रोकडीला ‘सिलक’ म्हणतात आणि गुजरात कन्नडपासून दूर! माझं उत्तर: बडोद्याला गायकवाडांची दफ्तरं होती, शब्द तिकडे मराठी फडातून गेला. ‘सिलुकु’तल्या ‘स’चा ‘श’ कसा झाला, हे तर सोपं आहे. मराठीला इकाराआधी ‘स’ रुचत नाही: सीमेची शीव झाली, सिंचनाचं शिंपणं झालं. अरबीवालाही हाच नियम आपल्या बाजूनं वापरेल, एवढं कबूल.

शब्द इकडे आला कसा? इंदापूर आणि सुपे हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि १६३६ नंतर राजे विजापूरच्या चाकरीत होते. पहिल्या इब्राहिम आदिलशहानं त्याआधीच हिशेबातून फारसी काढून देशी भाषा आणल्याचं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. भीमेच्या पाण्याबरोबर नव्हे, उलट दिशेनं, वसुलीच्या कागदांतून शिल्लक वर चढली असं मी धरून चालतो. पुढे बारामतीत बाबूजी नाईकांसारखे सावकार झाले, तिथे तिला पेढीचं वजन आलं.

आता गंमत अशी की बाकी आणि शिल्लक या जोडीत करकायदा बसतो. बाकी म्हणजे येणं, शिल्लक म्हणजे हातात आहे ते. १९६१ च्या आयकर कायद्यात १९९७-९८ या करनिर्धारण वर्षापासून हिशेबाच्या दोनच वाटा राहिल्या. रोखीची: पैसे आले की उत्पन्न. व्यापारी: बिल झालं की उत्पन्न, पैसे येवोत न येवोत. त्याआधी दोन्हींची मिसळ चालायची. माल साठवणाऱ्याचं मात्र नुसत्या रोखीवर भागत नाही, कारण नफा कळायला अडकलेल्या मालाची किंमत ठरवावीच लागते.

ती ठरवायची खर्चावर की बाजारभावावर? दोन्हींतली जी कमी ती. सर्वोच्च न्यायालयानं १९५३ मध्ये चैनरूप संपतराम खटल्यात हेच धरलं: न विकलेल्या मालावर नफा उगवत नाही, संभाव्य तोटा मात्र धरता येतो.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या साखर कारखान्यांकडे पाहा. गाळप नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतं, करवर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे मोजणी नेमकी गोदाम भरलेलं असताना. वर केंद्राचा मासिक विक्री कोटा, खाली बँकेचं मालतारण. पोती हलतच नाहीत. समजा क्विंटलला खर्च ३,४०० रुपये पडला आणि विक्रीखर्च वजा जाता हाती ३,१०० च येणार, तर थप्पीची किंमत ३,१०० नंच लागते आणि ३०० चा तोटा याच वर्षी खर्ची पडतो.

खर्च काढायचाही प्रश्न असतोच. आधी आलेलं पोतं आधी गेलं असं मानायचं, की सरासरी धरायची? दोन्ही चालतात, शेवटी आलेलं आधी गेलं, हे आयकराला चालत नाही. खर्च चढता असेल तर पहिल्या रीतीत नवी महाग पोती शिलकीत उरतात, नफा फुगतो, कर वाढतो. सरासरीत तो थोडा उतरतो, पण यंदाची अखेर शिल्लक हीच पुढच्या वर्षाची सुरुवातीची शिल्लक, त्यामुळे वाचलेला कर बहुतेक पुढे ढकललेलाच असतो.

ट्रक त्या दिवशी ट्रॅक्टर लावून काढला. आतला माल वेळेत पोचला की नाही, विचारायचं राहून गेलं.